भोर घाटाचे वय आणि अणुकचऱ्याची काच

कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडून पुण्याकडे निघालेली गाडी भोर घाट चढू लागली, की दोन्ही बाजूंना काळ्या बेसाल्ट खडकाचे पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले कडे दिसू लागतात आणि त्या काळ्या थरांच्या मधून कुठे कुठे विटकरी रंगाचा एखादा अरुंद पट्टा आडवा गेलेला दिसतो. काळे थर म्हणजे एकावर एक पसरत गेलेले लाव्ह्याचे प्रवाह होत, तर विटकरी पट्टे म्हणजे दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात खालचा खडक झिजून तयार झालेली आणि पुढच्या प्रवाहाखाली गाडली गेलेली माती होय. माथेरानच्या माथ्यावरचा जांभा मात्र लाव्हा येणे थांबल्यानंतर सर्वांत वरच्या खडकाची झीज होऊन बनलेला आहे. सह्याद्रीतील या थरांचे भूशास्त्रज्ञांनी गट पाडले असून नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा अशी नावे त्यांना दिली आहेत. त्यांपैकी नेरळ तर कर्जत तालुक्यातलेच आहे.

हे थर केव्हा साचले, याचे उत्तर आज थक्क व्हावे इतक्या अचूकपणे देता येते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने, अमरावतीच्या विद्यापीठातील भूशास्त्रज्ञांच्या सहभागाने, २०१५ आणि २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार सह्याद्रीतील लाव्ह्याचा बहुतांश साठा सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वीपासून साडेसात लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत बाहेर पडला आणि या कालमापनातील चूक काही दशसहस्र वर्षांपलीकडे जात नाही. हे मापन झिरकॉन नावाच्या खनिजाच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कणांवर केलेले आहे. बेसाल्टमध्ये हे खनिज सहसा सापडत नाही. परंतु दूरच्या ज्वालामुखींतून उडालेली राख त्या निवांत काळात मातीवर पडली आणि तिच्यातील झिरकॉनचे कण विटकरी पट्ट्यांत अडकून राहिले.

प्रयोगशाळेत मात्र या मौल्यवान कणांना एक चमत्कारिक वागणूक मिळते. ते आधी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला दोन-तीन दिवस तापवले जातात, नंतर त्यांना दाबाखाली तापलेल्या हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकून त्यांचा बराचसा भाग मुद्दाम विरघळवून टाकला जातो आणि जे उरते तेवढ्याचेच वय मोजले जाते. इतक्या कष्टाने मिळवलेला पुरावा आपल्याच हाताने का नाहीसा करायचा, असा प्रश्न कोणालाही पडेल. किरणोत्सर्गाच्या दीर्घकालीन माऱ्याखाली खनिजे कशी बदलतात हे कळले की त्याचे उत्तर मिळते, आणि त्याच उत्तरावर तारापूर व ट्रॉम्बे येथे काचेत बंद केलेल्या अणुकचऱ्याचे भवितव्यही अवलंबून आहे.

एका कणात दिवसाकाठी काय घडते

झिरकॉन हे झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले खनिज आहे. त्यात हे अणू ठरावीक अंतरावर, ठरावीक क्रमाने रचलेले असतात आणि अशा नियमबद्ध रचनेला स्फटिकजाल म्हणतात. तप्त शिलारसात झिरकॉन वाढत असताना काही जागी झिर्कोनियमऐवजी युरेनियमचा अणू बसतो, कारण दोघांचा विद्युतभार सारखा आहे आणि आकारातही फार अंतर नाही. शिशाचा अणू मात्र या रचनेत सामावत नाही. युरेनियम किरणोत्सारी आहे, म्हणजे त्याचे अणू आपोआप फुटत जातात आणि टप्प्याटप्प्याने अखेर शिशात रूपांतरित होतात. त्यामुळे आज कणात जे शिसे सापडते ते जवळजवळ सगळे जन्मानंतर तयार झालेले असते आणि युरेनियमशी त्याचे प्रमाण पाहून कणाचे वय काढता येते.

युरेनियम-२३८ या मुख्य प्रकाराचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. एक दशांश मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा झिरकॉनचा कण घेतला आणि त्यात दर दहा लाख भागांमागे ५०० भाग युरेनियम आहे असे धरले, तर त्या कणात युरेनियमचे सुमारे सहा लाख कोटी अणू असतात आणि त्यांपैकी दिवसाला अवघे दोन किंवा तीन फुटतात. प्रत्येक अणू शिसे होईपर्यंतच्या मालिकेत आठ आल्फा कण बाहेर टाकतो, म्हणून त्या कणात दिवसाकाठी सुमारे वीस आल्फा कण सुटतात असा हिशेब निघतो.

आल्फा कण म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची घट्ट मोळी, अर्थात हेलियमचे अणुकेंद्रक. तो अतिशय वेगाने सुटतो आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रोमीटर म्हणतात त्या मापाने दहा ते वीस मायक्रोमीटर अंतर कापतो. या प्रवासात त्याची बहुतेक ऊर्जा वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन हुसकावण्यात खर्च होते आणि प्रत्यक्ष जागेवरून ढकलले गेलेले अणू शे-दोनशेच असतात. खरी मोडतोड होते ती मागे उरलेल्या जड अणुकेंद्रकामुळे. आल्फा कण एका दिशेला सुटताच हे केंद्रक उलट दिशेला रेटले जाते. त्याच्या वाट्याला एकूण ऊर्जेच्या जेमतेम दोन टक्के येतात आणि ते एका मायक्रोमीटरच्या काही शतांश भागाइतकेच सरकते, पण तेवढ्या अंतरात ते शेजारच्या अणूंवर थेट आदळते, ते अणू पुढच्यांवर आदळतात आणि अशा रीतीने एक हजारापासून पाच हजारांपर्यंत अणू आपल्या जागा सोडतात. हे सगळे सेकंदाच्या एका लाख कोटीव्या भागाएवढ्या कालावधीत उरकते. त्या क्षणी तेवढी जागा वितळल्यासारखी होते, मग पुष्कळसे अणू आपापल्या जागी परततात आणि जे परतत नाहीत ते विस्कळीत अवस्थेत अडकून राहतात.

वर घेतलेल्या कणात ६ कोटी ६० लाख वर्षांत सुमारे ५० हजार कोटी आल्फा कण सुटले असले पाहिजेत. दर वेळी किमान हजार अणू हलले असे मानले तरी त्या कणातील प्रत्येक दोनशे अणूंमागे एक अणू केव्हा ना केव्हा जागेवरून हललेला आहे, आणि पाच हजारांचा आकडा धरल्यास प्रत्येक चाळिसांमागे एक.

बिळे एकमेकांना मिळतात तेव्हा

एवढी मोडतोड होऊनही स्फटिक टिकतो कसा आणि मग एका टप्प्यानंतर अचानक दुबळा का होतो, हे भातखाचराच्या बांधावरून समजून घेता येईल. पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडच्या खाचरांच्या बांधांत खेकडे बिळे पाडतात. बिळे एकमेकांपासून दूर असतील तोवर बांधाला काही होत नाही, कारण प्रत्येक बीळ मातीतच संपते आणि खाचरातले पाणी खाचरातच राहते. बिळांची संख्या वाढता वाढता मात्र असा दिवस येतो, की एक बीळ दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला मिळते आणि बांधाच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत सलग वाट तयार होते. त्या दिवशी नवे बीळ एकच पडलेले असले तरी बांधाला खांड पडते. शेतकरी रोज फेरी मारून बिळे चिखलाने लिंपत राहिला, तर हा दिवस लांबवता येतो.

झिरकॉनमध्ये मागे रेटल्या गेलेल्या प्रत्येक अणुकेंद्रकाने केलेली विस्कळीत जागा ही अशा बिळासारखी असते. स्फटिकाचा सुमारे ३० टक्के भाग विस्कळीत होईपर्यंत या जागा सुट्या-सुट्या राहतात. त्यापुढे त्या एकमेकांना जोडल्या जाऊन आरपार वाटा तयार होतात, आणि सुमारे ७० टक्क्यांच्या पुढे परिस्थिती उलट होते, म्हणजे उरलेले स्फटिकी तुकडेच विस्कळीत भागात बेटांसारखे सुटे पडतात. अखेर स्फटिकाचा बाह्य आकार कायम राहूनही आतली रचना काचेसारखी क्रमहीन होते. अशा पदार्थाला अस्फटिकी म्हणतात.

हा बदल हातात धरता येईल इतका ठळक असतो. पूर्णपणे विस्कळीत झालेल्या झिरकॉनचे आकारमान सुमारे १८ टक्क्यांपर्यंत वाढते आणि घनता दर घनसेंटिमीटरला ४.७ ग्रॅमवरून ४ ग्रॅमच्या आसपास उतरते. कणाच्या ज्या पट्ट्यात युरेनियम जास्त तो फुगतो आणि जिथे कमी तो पट्टा ताणाखाली तडकतो. श्रीलंकेतील रत्नखाणींतल्या सुमारे ५५ कोटी वर्षे वयाच्या झिरकॉनांत या साऱ्या अवस्था क्रमाने पाहायला मिळतात, कारण त्यांतील युरेनियमचे प्रमाण दाण्यादाण्यागणिक वेगळे आहे. हेन्रिक हॉलंड आणि डेव्हिड गॉटफ्रिड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५५ साली त्यांचाच अभ्यास करून किरणोत्सर्गाची मात्रा आणि स्फटिकाची हानी यांचा संबंध दाखवून दिला.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. सह्याद्रीतील झिरकॉन वयाने तरुण असल्यामुळे एकंदरीत शाबूत आहे, परंतु त्यात युरेनियमने समृद्ध असे काही पट्टे असतातच आणि त्या पट्ट्यांतील विस्कळीत वाटांनी लाखो वर्षांत थोडे शिसे पाझरून गेलेले असते. शिसे कमी झाले की वय खोटे, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी निघते. ज्या प्रक्रियेने हे घड्याळ चालते तीच प्रक्रिया ते बिघडवतेही. आधी तापवल्यामुळे किरकोळ विस्कळीत जागांतील अणू पुन्हा रांगेत बसतात, आणि त्यानंतर आम्ल फक्त अतिशय खराब झालेले पट्टे खाऊन टाकते, कारण अस्फटिकी भाग स्फटिकी भागापेक्षा कितीतरी लवकर विरघळतो. शेवटी उरतो तो शिसे न गळलेला गाभा. जेम्स मॅटिन्सन यांनी २००५ साली मांडलेली ही पद्धत आज जगभरातील कालमापन प्रयोगशाळांत रूढ आहे. कालमापकाला जे सोयीचे, म्हणजे किरणोत्सर्गाने विस्कळीत झालेला भाग आधी विरघळणे, तेच अणुकचरा सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे संकट ठरते.

सगळी खनिजे सारखी वागत नाहीत

विस्कळीत होणे जितके खनिजावर अवलंबून असते तितकेच सावरणेही असते. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट या फॉस्फेट खनिजात वजनाने आठ-नऊ टक्के थोरियम असते, म्हणजे त्याला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा सर्वसाधारण झिरकॉनच्या कितीतरी पट असते. असे असूनही कोट्यवधी वर्षे वयाचे मोनाझाइट बहुधा स्फटिकीच आढळते. याचे कारण असे, की त्याच्या रचनेत जागा सोडलेल्या अणूंना परत बसण्यासाठी फार थोडी उष्णता पुरते, त्यामुळे भूपृष्ठाखालच्या साध्या ऊबेतही त्याची दुरुस्ती चालू राहते. झिरकॉनसारख्या सिलिकेट खनिजात मात्र विस्कळीत झालेले सिलिकॉन आणि ऑक्सिजन आपापसांत नवे घट्ट बंध जुळवून बसतात आणि ते सोडवायला बरीच जास्त उष्णता लागते.

याहून टोकाचे उदाहरण युरेनिनाइटचे आहे. हे युरेनियम आणि ऑक्सिजन यांचे खनिज असल्यामुळे त्यात किरणोत्सारी अणू पाहुणा नसून यजमानच असतो, तरीही त्याची साधी आणि सममित रचना सहसा कोसळत नाही. आफ्रिकेतील गॅबॉन देशात ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजसाठ्यात भूजलाच्या मदतीने आपोआप अणुविखंडनाची साखळी सुरू झाली आणि ती दीर्घकाळ अधूनमधून चालत राहिली, हे १९७२ साली उघडकीस आले. त्या नैसर्गिक अणुभट्टीत तयार झालेले प्लुटोनियम आणि पुष्कळशी विखंडनद्रव्ये जन्मस्थानाच्या जवळच राहिली, कारण युरेनिनाइटने त्यांना आपल्या रचनेत धरून ठेवले. सिझियमसारखी पाण्यात सहज जाणारी द्रव्ये मात्र निसटली. अणुभट्टीतील इंधनही युरेनियम ऑक्साइडच असते, त्यामुळे ओक्लोचा हा दाखला वापरलेल्या इंधनालाही लागू पडतो.

अणू न हलताही खनिज बदलू शकते. गॅमा किरण प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांना हुसकावतात आणि हुसकावलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील एखाद्या दोषाच्या जागी अडकून पडतात. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत गारगोटीचे जे जांभळे स्फटिक, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट, मिळतात त्यांचा रंग असाच आला आहे: गारगोटीत अत्यल्प प्रमाणात शिरलेल्या लोहाच्या अणूंची विद्युतस्थिती भोवतालच्या खडकातील मंद किरणोत्सर्गाने हजारो-लाखो वर्षांत बदलली आणि ते जांभळा रंग देऊ लागले. असा स्फटिक चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि जांभळा रंग उडतो. या प्रकारच्या बदलाने खनिजाचा बांधा ढासळत नाही, पण साठलेली ऊर्जा त्यात राहते.

ट्रॉम्बे आणि तारापूरची काच

कर्जतहून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथे १९६४ पासून वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया होऊ लागली, म्हणजे इंधन आम्लात विरघळवून त्यातून प्लुटोनियम आणि उरलेले युरेनियम वेगळे काढले जाऊ लागले. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याच परिसरात पुनर्प्रक्रियेची आणि अणुकचरा हाताळण्याची सोयही उभी राहिली. पुनर्प्रक्रियेनंतर जो तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो त्यात सिझियम, स्ट्रॉन्शियम, अमेरिसियम अशी डझनावारी मूलद्रव्ये मिसळलेली असतात. द्रव सांडू शकतो, पाझरू शकतो, टाकी गंजवू शकतो. म्हणून तो आटवून, काच बनवण्याच्या द्रव्यांत मिसळून, सुमारे हजार अंशांच्या तापमानात वितळवला जातो आणि तो रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओतून गोठवला जातो. या प्रक्रियेला काचीकरण म्हणतात.

काचच का, याचे उत्तर तिच्या क्रमहीनतेत आहे. स्फटिकाच्या रचनेत आकार आणि विद्युतभार जुळणाऱ्या अणूंनाच जागा मिळते. काचेत ठरावीक रांगा नसल्याने नाना आकारांचे अणू सामावतात. त्यासाठी वाळूतील सिलिका आणि बोरॉन यांच्यापासून बनणारी बोरोसिलिकेट काच वापरली जाते. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात पुनर्प्रक्रियेत वापरलेल्या लोह सल्फामेटमुळे गंधकाचे सल्फेट उतरते आणि ते साध्या बोरोसिलिकेट काचेत नीट न मिसळता वेगळा थर धरते, म्हणून तेथील तज्ज्ञांनी बेरियम घालून वेगळी काच तयार केली. याच द्रवातून सिझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या रुग्णालयांत द्यायच्या रक्तावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांसाठीही बनवल्या गेल्या आहेत.

या काचेवर होणारा किरणोत्सर्गाचा मारा दोन पर्वांत विभागता येतो. पहिली सुमारे तीनशे वर्षे सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची असतात. दोघांचाही अर्धायुष्यकाल तीस वर्षांच्या आसपास असल्याने दहा अर्धायुष्यकालांनंतर त्यांचा हजारावा हिस्साच उरतो. या पर्वात बीटा आणि गॅमा किरण इलेक्ट्रॉन हलवतात, काचेला रंग चढतो, सोडियमसारखे हलके अणू सरकतात आणि मुख्य म्हणजे उष्णता निर्माण होते. काच सुमारे पाचशे अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिली तर ती मऊ पडून तिच्यात स्फटिक धरू लागतात आणि मग सगळी मूलद्रव्ये एकसारखी विखुरलेली राहत नाहीत. म्हणून तारापूर येथे हे डबे अशा भांडारात ठेवले आहेत, की जिथे गरम हवा उंच धुराड्यातून आपोआप वर जाते, तिच्या जागी थंड हवा खालून येते आणि पंख्याशिवाय डबे थंड राहतात.

दुसरे पर्व आल्फा कणांचे असते. अमेरिसियम-२४१ चा अर्धायुष्यकाल ४३२ वर्षे, काचेत थोड्या प्रमाणात राहिलेल्या प्लुटोनियम-२३९ चा २४ हजार वर्षे आणि नेपच्युनियम-२३७ चा २१ लाख वर्षे आहे, त्यामुळे हा मारा मंद असला तरी संपत नाही. झिरकॉनच्या अनुभवावरून काच मोडून पडेल अशी भीती वाटावी, पण घडते ते वेगळे. ज्यात मुळातच क्रम नाही त्यातून क्रम नाहीसा होणार तरी कसा? मागे रेटलेली अणुकेंद्रके काचेतही अणू हलवतात, परंतु विशिष्ट मात्रेनंतर बदल थांबतो, कारण नवी विस्कळीत जागा आधीच्याच विस्कळीत जागेवर पडू लागते. फ्रान्समध्ये क्युरियम हे अतिशय किरणोत्सारी मूलद्रव्य मुद्दाम मिसळलेल्या काचेवर झालेल्या प्रयोगांत घनतेतला फरक एका टक्क्याहून कमी आढळला, कठीणपणा बराच उतरला आणि मग स्थिरावला, तडे जाण्याची प्रवृत्ती उलट कमी झाली. प्रत्येक आल्फा कण दोन इलेक्ट्रॉन मिळवून हेलियम वायूचा अणू बनतो आणि तो वायू काचेत साठत राहतो, म्हणून त्याचे बुडबुडे होतील की तो हळूहळू बाहेर पडेल याकडेही अभ्यासकांचे लक्ष असते. आल्फा मारा मुळातच कमी करावा यासाठी अमेरिसियमसारखी दीर्घायुषी मूलद्रव्ये कचऱ्यातून वेगळी काढण्याची प्रायोगिक सोय तारापूर येथे उभारण्यात आली आहे.

पाण्याची वाट

नुसत्या किरणोत्सर्गाने काच फुटून कचरा बाहेर येणार नाही. तो बाहेर येईल तो पाण्याबरोबर. हजारो वर्षे पाण्यात राहिलेल्या काचेचे काय होते, याची नैसर्गिक नोंद बेसाल्टमध्येच आहे. लाव्हा झटकन गोठला की त्याची ज्वालामुखीय काच बनते आणि तिची रचना बोरोसिलिकेट काचेच्या बरीच जवळची असते; दिल्ली विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभ्यासकांनी दख्खनमधील अशा काचेकडे अणुकचऱ्याच्या काचेचा नैसर्गिक नमुना म्हणून पाहिले आहे. पाण्याच्या संपर्कात काचेच्या पृष्ठावर सिलिकाचा जेलीसारखा थर धरतो आणि तोच पुढची झीज मंदावतो.

बेसाल्ट आणि त्यातील काच यांच्यावर गरम पाण्याची क्रिया होऊन खडकाच्या पोकळ्यांत जी खनिजे वाढतात त्यांत जिओलाइट मुख्य आहेत. १८५६ ते १८६३ या काळात भोर घाटातून लोहमार्ग खोदला जात असताना स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांसारख्या जिओलाइटांचे आणि त्यांच्या सोबतीच्या अ‍ॅपोफिलाइटचे देखणे स्फटिक निघाले आणि ते दूरदूरच्या संग्रहालयांत गेले. जिओलाइटच्या रचनेत अणूंचे पिंजरे असतात. त्यांत पाणी आणि सोडियम किंवा कॅल्शियम सैलसर बसलेले असते आणि त्यांच्या जागी सिझियम किंवा स्ट्रॉन्शियम सहज येऊन बसते. म्हणून अमेरिकेतील थ्री माइल आयलंड आणि जपानमधील फुकुशिमा येथील अपघातांनंतर दूषित पाण्यातून सिझियम काढण्यासाठी जिओलाइट वापरण्यात आले. तरीही कायमचे घर म्हणून ते पुरेसे ठरत नाहीत: पिंजऱ्यातील पाण्याचे किरणोत्सर्गाने विघटन होऊन ज्वलनशील हायड्रोजन निघतो आणि मात्रा फार वाढली की पिंजरेच कोसळतात. शिवाय काचेच्या पृष्ठावर अल्कधर्मी पाण्यात जिओलाइट वाढू लागले, तर ते संरक्षक थरातली सिलिका शोषून घेतात आणि थांबत आलेली झीज पुन्हा वेग घेते.

चौकट : थोडक्यात

• आल्फा कण सुटताना मागे रेटले जाणारे जड अणुकेंद्रक खनिजाची सर्वाधिक मोडतोड करते.
• विस्कळीत जागा सुट्या असतील तोवर खनिज टिकते. त्या सलग जोडल्या गेल्या की द्रव्ये पाझरू लागतात.
• झिरकॉन इजा साठवतो, तर मोनाझाइट आणि युरेनिनाइट बरीचशी भरून काढतात.
• बोरोसिलिकेट काच आधीच क्रमहीन असल्यामुळे तिच्यातील बदल एका मर्यादेवर थांबतात. तिला खरा धोका अतिउष्णतेचा आणि पाण्याचा असतो.
• अणुकचऱ्याची पहिली तीनशे वर्षे प्रामुख्याने उष्णतेची, त्यानंतरची हजारो वर्षे आल्फा माऱ्याची.

तीच इजा, वेगळा वेग

अणुकचऱ्याचा पदार्थ लाखभर वर्षांनी कसा असेल हे लाखभर वर्षे थांबून पाहता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ दोन बाजूंनी या प्रश्नाकडे जातात. प्रयोगशाळेत १८ वर्षे अर्धायुष्यकालाचे क्युरियम-२४४ किंवा ८८ वर्षांचे प्लुटोनियम-२३८ पदार्थात मिसळले, की हजारो वर्षांची मात्रा काही वर्षांत देता येते. पण त्या घाईत पदार्थाला सावरायला निसर्गात मिळाला असता तेवढा अवधी मिळत नाही, म्हणून इजा वास्तवापेक्षा जास्त दिसण्याचा संभव असतो. नैसर्गिक खनिजांत वेळ भरपूर असतो, पण मधल्या काळात खडक किती तापला आणि पाणी केव्हा आले याचा इतिहास अनुमानानेच कळतो. दोन्ही साक्षी जिथे जुळतात तिथेच निष्कर्षावर भर देता येतो.

या दोन साक्षी एकत्र वाचल्याचे फळ २००७ साली दिसले. केंब्रिज विद्यापीठाचे इयन फारनन आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी प्लुटोनियम भरलेल्या झिरकॉनमध्ये प्रत्येक आल्फा उत्सर्जनामागे सुमारे पाच हजार अणू हलतात हे मोजून दाखवले आणि असा झिरकॉन अवघ्या १,४०० वर्षांत अस्फटिकी होईल असा हिशेब मांडला. प्लुटोनियम ठेवण्यासाठी झिरकॉन आदर्श ठरेल ही कल्पना त्यामुळे मागे पडली. सह्याद्रीच्या विटकरी पट्ट्यांतला झिरकॉन मात्र ६ कोटी ६० लाख वर्षांनंतरही वय सांगण्याइतका शाबूत आहे. खनिज एकच आहे. फरक आहे तो त्याच्यावर लादलेल्या भाराचा. ऑस्ट्रेलियाच्या टेड रिंगवुड यांनी १९७८ साली सिन्रॉक हा कृत्रिम खडक सुचवला तेव्हाही त्यांचा आधार हाच होता, की निसर्गात ज्या खनिजांनी युरेनियम आणि थोरियम कोट्यवधी वर्षे धरून ठेवले आहे त्यांचीच निवड करावी; त्यांपैकी झिर्कोनोलाइट हे खनिज स्फटिकपण गमावूनही आपल्यातील युरेनियम फारसे सोडत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे, दख्खनसारख्याच लाव्हाप्रवाहांनी बनलेल्या बेसाल्टमध्ये, अणुकचऱ्याचे खोल भांडार करण्याचा विचार बराच पुढे गेला होता आणि १९८७ साली तो सोडून देण्यात आला. भारतात १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतील बंद पडलेल्या भागात खडक तापवून त्याची सोसण्याची क्षमता तपासण्यात आली. कायमचे भूगर्भीय भांडार मात्र अजून बांधले गेलेले नाही. ते जेव्हा बांधले जाईल तेव्हा कोणता पदार्थ सर्वांत मजबूत, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. त्या पदार्थात किती किरणोत्सारी द्रव्य भरायचे, तो किती गार ठेवायचा आणि त्याच्यापर्यंत पाणी किती उशिरा पोहोचू द्यायचे, या तीन गोष्टी ठरवणे माणसाच्या हाती आहे, आणि इजा व भरपाई यांतले कोणते पारडे जड राहील हे त्यांवरच ठरणार आहे.